चवथीसाठी मित्रांच्या आवडीच्या गाण्यांचं एकच मिक्स: क्रम, आवाज आणि रुसवेफुगवे

सुरंगी | सोमवार, रात्री १०:२०

आमच्या दहावीच्या वर्गाचा गट आहे. शाळा मालवण तालुक्यातली. आता निम्मे मुंबईत, काही पुण्यात, एक गोव्यात, एक बोटीवर. यंदा चवथीच्या तिसऱ्या दिवशी सगळे आमच्या खळ्यात जमणार आहेत. तोवर दीड दिवसाचे गणपती असलेलेही मोकळे होतात. ठरलं असं की प्रत्येकाने आपल्या आवडीची तीन गाणी द्यायची, सोबत ते गाणं का आवडतं ते एका ओळीत लिहायचं, आणि मी त्यांचं एक सलग मिक्स करायचं.

याद्या आल्या. बारा जण, छत्तीस गाणी, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. भावगीतं आहेत, ती येणारच होती. नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी पोत्याने आहेत. गोव्यातल्या मैत्रिणीने लोर्नाचं कोंकणी गाणं दिलंय. एकाने मिरवणुकीत वाजतं तसलं डीजेचं काहीतरी दिलंय, ते लावलं तर आमचा बाप्पा पाट सोडून उठेल. एकाने डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं रेकॉर्डिंग दिलंय, बावीस मिनिटांचं. बोटीवरच्याने नुसती नावं पाठवलीत, फाईल एकही नाही. आणि एकीने तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या दिल्यात. फोनवर रेकॉर्ड केलेल्या, मागे पंखा घरघरतोय, मधेच कोंबडा आरवतो.

'मी डोलकर' तिघांनी दिलंय.

ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय. कापणं-जोडणं जमतं. पण एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं अंगावर येतं, त्याचं काय करायचं? क्रम कसा लावायचा? आणि काही गाण्यांना सरळ नाही म्हणावं का? जाणकारांनी सांगा.

घाटावरचा | सोमवार, रात्री १०:४१

एवढा खटाटोप कशाला? सामायिक प्लेलिस्ट करा, सगळ्यांना लिंक द्या, जो तो आपापलं गाणं टाकेल. स्पॉटिफायवर २०२१पासून ब्लेंड पण आहे, दोघांच्या-चौघांच्या ऐकण्यावरून तेच यादी बनवतं. तुम्ही निवांत मोदक खा.

सुरंगी | सोमवार, रात्री १०:५५

आमच्या वाडीत रेंज विहिरीकडच्या गडग्यावर चढलं की येते. चवथीत सगळी मुंबई गावात उतरली की तीही जाते. ऑनलाइन काही चालणार नाही. शिवाय आजीच्या ओव्या आणि डबलबारी कुठल्या ॲपवर मिळणार? आपल्या फोनमधली फाईल सामायिक यादीत टाकली तरी ती दुसऱ्याच्या फोनवर वाजत नाही.

ब्लेंडबद्दल म्हणाल तर, ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत त्यांच्या फोनवर वर्षभर काय वाजतं ते आठवा. आम्ही खळ्यात बसून बडबडगीतं ऐकू.

बांगडाफ्राय | सोमवार, रात्री ११:०२

डबलबारी कोणाची ता आधी सांग. बुवा कोण? बावीस मिन्टा म्हणजे नुसतो गजरच असतलो. ह्या धाग्यावर आमका गजर आयकव, मगे सल्ले देतंव.

कानसेन | सोमवार, रात्री ११:३०

आवाजाचं आधी. नुसतं 'नॉर्मलाइझ' वापरू नकोस. तो इफेक्ट फक्त सर्वांत उंच टोक बघतो. जुन्या भावगीतात एखादाच तबल्याचा ठोका उंच जातो, बाकी गाणं खाली असतं. नव्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळंच दाबून वर आणलेलं असतं. टोकं सारखी केली तरी कानाला नवीन गाणं दुप्पट मोठं वाटणार. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' वेगळा आहे, तो कानाला जाणवणारा आवाज मोजतो. त्याचं माप एलयूएफएस. तिथे आधीपासून उणे २३ हा आकडा भरलेला असतो, तो युरोपातल्या प्रसारणाचा. स्पॉटिफाय उणे १४च्या आसपास आणतं. तू प्रत्येक गाणं उणे १६ ते उणे १८ला आण. मोठी गाणी खाली येऊ देत. बारीक गाण्यांना वर ओढशील तर टोकं फाटतील. एकूण मिक्स हळू वाटलं तर स्पीकरला कळ आहेच की.

जुन्या फाईल तपासून घे. काहींमध्ये आवाज एकाच बाजूला असतो, दुसरा स्पीकर मुका. तसं असेल तर त्या बाजूची प्रत दुसरीकडे टाक.

आणि गाणी कुठून घेतेस? १२८ केबीपीएसची फाईल ३२०ची करून सुधारत नाही, फक्त फुगते. सगळ्यांना सांग की विकत घेतलेली असेल किंवा सीडीवरून काढलेली असेल ती मूळ फाईल द्या, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काम करताना वेव्हमध्ये ठेव, एमपीथ्री एकदाच, अगदी शेवटी.

माहेरवाशीण | मंगळवार, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली. ओव्यांमधला कोंबडा काढू नकोस हं सुरंगी. पंखा काढता आला तर बघ.

कानसेन | मंगळवार, सकाळी ८:५०

पंखा काढता येतो. जिथे आजी श्वास घ्यायला थांबलीय आणि नुसता पंखा ऐकू येतोय, असा सेकंदभराचा तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'ला तो नमुना म्हणून दे, मग सगळ्या रेकॉर्डिंगवर चालव. पण हात राखून. जास्त केलंस तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि जात्याची घरघरही जाते, कारण ती पंख्याच्या जवळपासच असते. जातं गेलं तर त्या ओव्यांत उरलं काय? त्यापेक्षा ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, थोडा पंखा राहू दे. कोंबड्याला कुठलंही सॉफ्टवेअर हात लावणार नाही, निर्धास्त राहा.

टीपकागद | मंगळवार, सकाळी ९:३०

आमच्या वेळी तालुक्याच्या गावात कॅसेट भरून देणारी दुकानं होती. वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, दोन-तीन दिवसांनी कॅसेट मिळायची. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. दुकानदार चांगला असेल तर बाजू संपताना गाणं अर्धवट तुटू नये म्हणून क्रम बदलायचा आणि उरलेल्या दोन मिनिटांत बासरी वगैरे भरून द्यायचा. ती पंचेचाळीस मिनिटांची मर्यादा फार कामाची होती. छत्तीस गाणी सलग म्हणजे अडीच तासांच्या वर, त्यात बावीस मिनिटांची डबलबारी. कोण बसणार ऐकत? त्या वेळात चहा होतो, आरती होते, कोणाची तरी म्हैस सुटते. पाऊण-पाऊण तासाचे भाग कर. प्रत्येकाचं एक गाणं प्रत्येक भागात. पहिल्या भागात आपलं नाही म्हणून कोणी रुसणार नाही.

जुन्या गाण्यांचं आणखी एक. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळे त्या काळातली गाणी लवकर आटपतात. तशी दोन लागोपाठ लाव, मग एखादं लांब.

पेटीमास्तर | मंगळवार, दुपारी १:१०

क्रमाबद्दल कोणी पट्टीचं बोललं नाही, म्हणून लिहितो. भजनात पेटीवर बसतो, डीजेबिजे कळत नाही.

प्रत्येक गाण्याचा षड्ज पेटीवर शोधा आणि यादीत त्यापुढे लिहा. पुरुष गायक बहुधा काळी एक-काळी दोनच्या, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या आसपास, बायका काळी चार-काळी पाचकडे. आता गंमत बघा. काळी एकला सा धरला तर काळी चार हा त्याचा पंचम. काळी दोनचा पंचम काळी पाच. म्हणून पुरुषाच्या गाण्यामागून बाईचं गाणं लागलं की कानाला खटकत नाही, षड्ज-पंचम संवाद आपोआप सांभाळला जातो. काळी एक संपता संपता पांढरी दोनचं गाणं त्यावर चढवलंत तर मात्र दोन सेकंदांतच दात शिवशिवतील. अशा दोन गाण्यांमध्ये पूर्ण शांतता ठेवा, किंवा मधे कोणाचं तरी बोलणं घाला, म्हणजे कान आधीची पट्टी विसरतो.

जुन्या ध्वनिमुद्रणात षड्ज पेटीच्या स्वराला नेमका लागणार नाही. टेप थोडी जलद-मंद फिरलेली असते. काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी सापडला तर पेटीला दोष देऊ नका.

कानसेन | मंगळवार, दुपारी १:४०

मास्तर, दंडवत! डीजे लोक हेच चाकासारखी आकृती काढून करतात आणि त्याला हार्मोनिक मिक्सिंग म्हणतात. त्या चाकावरची शेजारची दोन घरं म्हणजे तुमचा षड्ज-पंचमच.

लयीचं तेवढं जोडतो. ठेका मोजून एका गाण्यावर दुसरं बेमालूम बसवण्याची सोय मिक्स-एक्स-एक्स-सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती यंत्राच्या ठेक्यावर केलेल्या नव्या गाण्यांसाठी. जुन्या गाण्यात वादक समोरासमोर बसून वाजवायचे, लय अंतऱ्याला जरा पुढे सरकते, मुखड्याला मागे येते. तिथे संगणकाने आखलेल्या रेघा दहा सेकंदांत चुकतात. नादाला लागू नये.

माहेरवाशीण | मंगळवार, दुपारी ३:०५

फुगडीच्या गाण्यांचं तर विचारूच नका. सुरू होतात आरामात आणि शेवटी पाय जमिनीवर टेकत नाहीत. कोणी दिलंय का फुगडीचं गाणं? नसेल दिलं तर तुमच्या वर्गातल्या मुलींना काय झालंय?

सुरंगी | मंगळवार, रात्री ९:२०

सगळ्यांना धन्यवाद. फुगडी कोणी दिली नाही, कारण ती आम्ही स्वतः घालणार आहोत. स्पीकरवर फुगडी लावायची वेळ अजून आलेली नाही.

मास्तरांची युक्ती आज करून पाहिली. शेजारच्या काकांची पेटी आणली आणि गाण्यांपुढे पट्ट्या लिहीत गेले. लोर्नाचं गाणं आणि त्यानंतरचं भावगीत हे जोडकाम मी नुसत्या कानाने केलं होतं, ते नेमकं काळी एक-काळी चार निघालं. डीजेचं गाणं कुठल्याच पट्टीत सापडत नाही, त्याला नुसता दणका आहे.

एकावर एक चढवण्याबद्दल: आमच्यातला एक म्हणतो बारा सेकंद ठेव, ॲपमध्ये तेवढा जातो. पण भावगीताची सुरुवात तर स्वरमंडळाने होते, किंवा बासरीच्या लांब सुराने. त्यावर आधीच्या गाण्याची शेपटी आली की सगळं चिखल. काय करू?

कानसेन | मंगळवार, रात्री ९:४५

सरसकट एकच आकडा नको. आधीचं गाणं हळूहळू विरत संपत असेल आणि पुढचं ठेक्याने सुरू होत असेल तर चार-पाच सेकंद चढव. आधीचं तिहाई घेऊन खाडकन संपत असेल तर काहीच चढवू नकोस, दीड-दोन सेकंद श्वास घेऊ दे. स्वरमंडळावर तर काहीही नको. प्रत्येक सांधा हाताने कर, त्यालाच तर मिक्स म्हणतात. नाहीतर घाटावरच्यांची प्लेलिस्ट काय वाईट होती?

घाटावरचा | मंगळवार, रात्री ९:५२

आमचं नाव निघालंच आहे तर एक कामाचं सांगतो. मिक्स झालं की हौसेने यूट्यूबवर चढवू नका. तिथली यंत्रणा गाणं ओळखते आणि हक्क असलेल्या कंपनीचा दावा लागतो, कधी व्हिडिओच अडतो. आपसात, खळ्यात ऐका.

गाबीतवाडा | मंगळवार, रात्री १०:३०

'मी डोलकर' तिघांनी दिलं यात नवल नाही, पण जरा बोलू द्या. आपल्याकडे कोकणातलं गाणं म्हटलं की कोळीगीत, हे समीकरण मुंबईहून आलंय. ते गाणं शांता शेळक्यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली, हेमंतकुमार आणि लताबाई गायल्या. सुंदरच आहे. पण निम्म्या लोकांना ते पारंपरिक वाटतं आणि उरलेल्यांना ते मालवणचं वाटतं. आमच्या किनाऱ्यावर मासेमारी करतात ते गाबीत. कोळीवाडे मुंबई-रायगडकडे. तिकडे आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते, रत्नागिरीकडे नमन आणि जाखडी, आमच्याकडे दशावतार, भजन, फुगडी. एकाच किनारपट्टीवर तीनदा गाणं बदलतं. बारा जणांत रत्नागिरीकडच्या घरात पडलेली कोणी सून असेल तर तिला विचार, जाखडीतलं काही देते का. ढोलकी आणि घुंगरू इतके खणखणीत असतात की झोपलेला उठून बसतो.

सुरंगी | मंगळवार, रात्री १०:४८

आहे एक, संगमेश्वरला दिलेली! तिने तीनही हिंदी गाणी दिलीत. विचारते.

'मी डोलकर'चं काय करू मग? तीनदा लावू की एकदा?

टीपकागद | मंगळवार, रात्री ११:०५

एकदाच. पण आधी तिघांचीही नावं घे. आकाशवाणीवर 'आपली आवड'मध्ये गाण्याआधी नावांची ही रांग यायची आणि अख्खं घर कान टवकारून असायचं. रत्नागिरी केंद्र लागायचं तिकडे ते, वेंगुर्ल्याकडे पणजी. गाणं कुठलं यापेक्षा नाव कोणाचं आलं याची चर्चा जास्त. तीनपैकी दोन जागा मोकळ्या झाल्या, तिथे दुसरी गाणी मागून घे.

माहेरवाशीण | बुधवार, सकाळी ७:४०

नावं तू घेऊ नकोस, ज्याचं गाणं त्याच्याच आवाजात येऊ दे. पंधरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज मागव. "मी अमुक, हे गाणं मला आवडतं कारण..." बोटीवरच्याला येता आलं नाही, तरी त्याचा आवाज येईल.

कानसेन | बुधवार, सकाळी ९:१५

कल्पना छान, पण एक धोका. पहिल्यांदा ऐकताना मजा येते, नंतर तेच बोलणं कंटाळवाणं होतं. बोलणी सांध्यात मिसळून टाकू नकोस, वेगळे ट्रॅक ठेव. खळ्यातल्या प्रतीत बोलण्यासकट, गाडीत ऐकायच्या प्रतीत गाळून. आणि मास्तर म्हणाले तसं, पट्टी जुळत नाही तिथेच बोलणं घाल. दोन्ही कामं होतील.

बांगडाफ्राय | बुधवार, सकाळी १०:००

बोटीवरचो पंधरा सेकंदात थांबतलो? गजाली सुरू केल्यान काय बोट बंदराक लागासर बोलतलो.

आणि डीजेच्या गाण्याचा काय ठरला? माका विचारशात तर काढून टाक.

सुरंगी | बुधवार, रात्री ८:३०

काढणार नाही. यावर आमच्या गटात दोन दिवस वाद चालू आहे. एकाचं गाणं वगळलं की तो म्हणतो दुसऱ्याचं का नाही, मग मतदान, मग ज्याची ओळखपाळख जास्त त्याची गाणी राहतात. अशाने शेवटी सगळ्यांना चालणारी पाच-सहा गाणी उरतात, ती कुठल्याही लग्नात ऐकू येतात. त्यापेक्षा गाणं देणाऱ्याचं, जागा माझी. त्याने कारण लिहिलंय की ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वडिलांनी नवीन ट्रक आणला होता आणि रात्रभर गावात फिरवला होता. आता मला तो दणका ऐकू आला की ट्रक दिसतो. गाणं अजून आवडत नाही, हे वेगळं.

जागाही ठरलीय. तिसऱ्या भागात, जेवणं झाल्यावर, म्हातारी माणसं आत गेली की.

ओव्या सर्वांत आधी. सुरुवातीला 'ये रे घना' लाव असा दोघांचा आग्रह होता, आरती प्रभू म्हणजे आपले वेंगुर्ल्याकडचे खानोलकर म्हणून. पण भाद्रपदात खळ्यात पंगत मांडून पावसाला बोलवायचं? ते दुसऱ्या भागात टाकलंय, तोवर जे पडायचं ते पडून जाईल.

डबलबारी कुठे टाकू, हा प्रश्न राहिला.

पेटीमास्तर | बुधवार, रात्री ९:१०

शेवटी, दुसरीकडे कुठेच नाही. गजराची लय चढत जाते, पखवाज आणि चक्या वर जातात, कोरस उठून उभा राहतो. त्यानंतर भावगीत लावलंत तर ते कोणाला ऐकूच जाणार नाही. बावीस मिनिटं कापू नका. कापायचीच तर सुरुवातीचं बुवांचं बोलणं कापा, गजर एकदा धरला की मधे कात्री नको. आणि त्याला ते लाउडनेस का काय ते लावाल तेव्हा जरा सैल सोडा, शेवटचा चढ खाली दाबला जाऊ नये.

कानसेन | बुधवार, रात्री ९:२५

मास्तर, तो इफेक्ट पूर्ण गाणं एकाच मापाने वरखाली करतो, चढ तसाच राहतो. दाबणारा तो कॉम्प्रेसर. त्याला हात लावायचा नाही, एवढं पाळ सुरंगी.

झालं की पेनड्राइव्हवर घेशील, तेव्हा तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर. गाड्यांचे आणि भाड्याच्या स्पीकरचे बरेच प्लेअर दुसरं काही ओळखत नाहीत. फाईलच्या नावापुढे ०१, ०२ असे आकडे घाल आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी कर. काही प्लेअर नावाने नाही, ज्या क्रमाने फाईल पेनड्राइव्हवर आली त्या क्रमाने वाजवतात. ओव्यांच्या जागी ट्रक येईल.

सुरंगी | बुधवार, रात्री ९:४०

हे नोंदवून घेतलं. संगमेश्वरवालीने जाखडी दिली बरं का, तिच्या दिराच्या मंडळाची. पट्टी शोधते उद्या.

बांगडाफ्राय | बुधवार, रात्री ९:५८

ता सगळा ठीक. स्पीकर कोणाचो? आणि वायर लांब आण. खळ्यात प्लग एकच असतलो, तेका आदीच गणपतीच्या माटवेची लायटिंग लावलेली असतली, आणि ती काढूक तुझी आये देवची नाय.